दोन गावांची चौकशी

कुंडलिकआबांच्या नातीला, प्राचीला, एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या: एक दुबईच्या फळबाजारात, दुसरी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात. सोमवारपर्यंत एकीला होकार कळवायचा होता. आईबापांनी हात झटकले, आबा म्हणतील तसं. आबांचं मन केव्हाच दुबईकडे झुकलं होतं. तिथून पोर दर दिवाळीला गावी, पळसदेवला येईल, रॉटरडॅमहून दोन वर्षांतून एकदा. प्राचीला मात्र रॉटरडॅमच हवं होतं आणि तसं म्हणायचं धाडस होत नव्हतं.

उन्हाळ्यानं उजनी धरणाचं पाणी मागं हटलं होतं. अशा दिवसांत आबा आपल्या धरणात बुडालेल्या, आता उघड्या पडलेल्या घराच्या जोत्यावर जाऊन बसत. तिथंच त्यांनी नातीची झाडाझडती घेतली. लेक द्यायच्या गावाची चौकशी करताना हा माणूस तीनच गोष्टी विचारायचा: पाणी कुठलं, मागं काय घडलं, लोक कशावर जगतात. परदेशातलं शहर झालं म्हणून काय, चौकशी तीच.

दुबईला नदीच नाही, प्राचीनं सांगितलं. वाळवंटात घुसलेली खाडी आणि काठावर समुद्रात बुड्या मारून मोती काढणारी माणसं. जपाननं मोती पिकवायला घेतले आणि यांचा धंदा बसला. पुढं तेल लागलं, तेही बेताचंच, म्हणून त्यांनी बंदरं आणि बाजारपेठा उभ्या केल्या. पिण्याचं पाणी समुद्राचं, मीठ काढून घेतलेलं. आबांनी टोपी मागं सारली. पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरणारा हा गडी. समुद्र पिणारं शहर खरंच आहे का, हे त्यानं दोनदा विचारून घेतलं.

"आन दुसरं?"

रॉटरडॅम नदीच्या मुखाशी, त्यातला बराच भाग समुद्राच्या पातळीखाली. १९४० साली बॉम्ब पडून शहराचा मधला भाग बेचिराख झाला, तो त्यांनी नव्यानं बांधला. आज ते युरोपातलं सगळ्यांत मोठं बंदर आहे, आपल्याकडची द्राक्षंही तिथं उतरतात. १९५३ साली त्या देशात समुद्र आत शिरला, अठराशेंवर माणसं गेली. मग त्यांनी समुद्राकडच्या वाटेवर दोन प्रचंड दारं बसवली, एकेक सात मजले उंच. तुफान आलं की ती मिटतात.

आबांच्या अंगावर सरसरून काटा आला. असली दारं माणसानं केली, हे त्यांच्या मनात मावेना.

"समुद्राच्या खाली ऱ्हात्यात? आन गाव कोरडं?"

"व्हय आबा."

"दुबई जवळ हाय," ते म्हणाले. प्राचीनं मान खाली घातली.

"पर तू त्या दारांच्या गावालाच जा, बाय. आमचं गाव उठवलं, तवा धरण पायजेच व्हतं, मी न्हाय म्हनत न्हाय. पर पाणी आडवून गावबी ठिवता येतं, ह्ये आमाला कुणी सांगितलंच न्हाय. कसं करत्यात ते नीट बघ. मी हाय तवर येऊन सांग."