गोड्या पाण्याची आंघोळ

नंदकिशोरनं टेम्पोखाली पडल्या पडल्या चासीला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

"मावशी, वाट लागलीय याची. ही चासी नाही, खारी बिस्किट झालंय."

"दिवे लागत नाय म्हणून आणलाय तुझ्याकडं. चासीचं कोणी विचारलं?" पुतळाबाई म्हणाली.

"रोग एकच आहे दोघांचा." त्यानं बॅटरीचं झाकण काढलं. टोकांवर हिरवट-पांढरा भुगा फुलला होता. अर्थिंगची पट्टी चासीला बसते तिथं नुसता गंज. करंट परतणार कुठून? "धुता कशानं हो?"

"समुद्राच्या पाण्यानं. दर रविवारी, न चुकता."

नंदकिशोरनं ग्रीसचा हात तसाच कपाळाला लावला.

वेसाव्याच्या कोळीवाड्यात होडी खाऱ्या पाण्यानंच धुतात. गोडं पाणी मुरलं की फळी कुजते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ऐंशी साली नवरा गेला तेव्हा पुतळाबाईनं होडी विकून हा जुना टेम्पो घेतला आणि होडीवरची सगळी माया चार वर्षं बादल्या-बादल्यांनी त्याच्यावर ओतली. इतक्या मायेनं कुठलंही लोखंड मेलं असतं.

सोमवारी आरटीओत टेम्पोचं पासिंग होतं. नापास झाला तर तो भंगारात, आणि पुतळाबाईची मासळी गावातल्या बळवंतशेटच्या भाड्याच्या गाडीत. बाईमाणसानं गाडी ठेवू नये, असं बळवंतशेटनं तिला आजवर तीनदा निरोपानं कळवलं होतं. माणूस मोठा चिकाटीचा. चौथा निरोप त्यानं तयारच ठेवला असणार.

"द्या भंगारात," नंदकिशोर म्हणाला.

"पुरता सडला असता तर तू त्याच्याखाली झोपला नसतास. कुठवर सडलाय तेवढं दाखव."

नंदकिशोर पुन्हा टेम्पोखाली सरकला. खडूनं खुणा करत म्हणाला, "मागचा हा दोन फूट तुकडा बदलावा लागेल. बाकीचं पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडायचं. पण ते कोण करणार? माझ्याकडं माणूस नाही."

"मी काय शोभेला उभी हाय?"

होडी वाळूवर ओढून तिच्या बुडाची कालवं खरवडणं हे तिचं लग्नाआधीपासूनचं काम. तीन दिवस ती टेम्पोखाली होती. तिची जाऊ कमळ डबा घेऊन आली आणि तिचे बाहेर आलेले पाय बघून म्हणाली, "काय शोधतंस गो तिथं? नवरा?"

"गावला तर तुलाच दाखवीन पहिला. तो तारेचा ब्रश दे इकडं."

वेल्डिंग झालं. नंदकिशोरनं बॅटरीची टोकं सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन, कोरडी करून बसवली आणि वरून व्हॅसलीन लावलं. अर्थिंगची जागा घासून लख्ख केली. मग काळ्या रंगाचा डबा उघडला, तर पुतळाबाईनं पिशवीतून मुशी माशाच्या तेलाची बाटली काढली.

"रंग वरवर बसतो. हे फटीत शिरतं. होडीला आम्ही हेच पाजतो."

"अहो, वास मारेल!"

"मासळीच्या गाडीला अत्तर लावतोस?"

"बरं, लावा. वायरींना मात्र नाही हं, रबर फुगेल. आणि मावशी, यापुढं गोडं पाणी. खाऱ्याचा एक थेंब लागला तर माझ्याकडं येऊ नका."

सोमवारी आरटीओचे साहेब नाकाला रुमाल लावून खाली वाकले. हातोडीनं चासी जागोजाग ठोकून पाहिली. सगळीकडून भरीव आवाज आला. दिवे लावायला सांगितले, ते भर उन्हात लागले. साहेबांनी कागदावर सही केली आणि वासापासून लांब जाऊन उभे राहिले.

वेसाव्यात नळ सकाळी तासभर यायचा, घरटी दोन हंडे. रविवारी पुतळाबाईनं एक हंडा घरात ठेवला आणि दुसरा कडेवर घेऊन टेम्पोकडं निघाली. नळावरच्या बायका बघतच राहिल्या.

"पियाचं पाणी लोखंडाला?" बळवंतशेटची बायको सोनूबाई ओरडली. "आमच्या गाडीत जागा हाय म्हटलं!"

"मग तुम्ही बसा की तीत."

कमळ मागं मागं आली. हळूच म्हणाली, "आणि तू गो? तू कशानं न्हालीस?"

पुतळाबाईच्या दंडांवर, मानेवर वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ होती. उकिडवी बसून तिनं मडगार्डच्या आत हात घातला आणि तांब्या-तांब्यानं पाणी सोडत कोपऱ्यातली रेती बोटांनी उकरू लागली.