देखभालीसकट

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," फोनमधली बाई पुन्हा म्हणाली आणि पुन्हा ती बासरी सुरू झाली.

"असेल बाई, असेल," मशीनताई पुटपुटल्या. एका खांद्यावर नात होती, दुसऱ्या खांद्यावर मान वाकडी करून धरलेला फोन. नात दूध पिऊन तृप्त झाली होती, पण ढेकर काढायला तयार नव्हती. घरात सगळे तिला मुंगी म्हणत, कारण झाली तेव्हा मुंगीएवढीच होती.

मुलगी केस पुसत बाहेर आली. "आई, आज रविवार आहे. रविवारी कोण फोन उचलणार?"

"म्हणून तर आज लावला. सोमवारी अकरा वाजता सगळ्याच कंपन्या शहाण्या असतात. घरात माणूस आहे की नुसता दिवा लावून ठेवलाय, ते रविवारी सकाळी कळतं."

मशीनताई ज्या दूधपेढीत कामाला होत्या, तिथे बायका आपल्या बाळाला पाजून उरलेलं दूध आणून देत. ते तपासून, तापवून, गोठवून ठेवलं जाई आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी गावभरच्या दवाखान्यांत जाई. कुठल्या बाटलीत कुणाचं दूध, तपासणी झाली की नाही, कुणाला दिलं, हे सगळं शीतपेट्यांच्या मागच्या चिंचोळ्या खोलीतल्या एका मशीनवर होतं. मशीन बंद तर बाटल्या बंद. पडद्यावर 'तपासलेली' असं दिसल्याशिवाय सिस्टर एक बाटली हलू द्यायच्या नाहीत, मग पलीकडून कितीही मोठा डॉक्टर ओरडत असो. त्या मशीनची देखभाल करणाऱ्या म्हणून या मशीनताई. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं.

आता मशीन म्हातारं झालं होतं, सुटे भाग मिळत नव्हते. त्याच्याऐवजी डेडिकेटेड सर्व्हर भाड्याने घ्यायचा असं ठरलं. म्हणजे दूर कुठल्यातरी कंपनीच्या इमारतीत एक अख्खं मशीन फक्त आपल्यासाठी, त्यात दुसऱ्या कुणाचा संसार नाही. पेढीच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, "ताई, किंमत बघा, दर्जा बघा आणि मला एक नाव सांगा."

तीन कंपन्यांतली एक पहिल्याच आठवड्यात बाद झाली. 'पूर्ण मशीन आपलंच' म्हणत होती, पण खोदून खोदून विचारल्यावर आत आणखी भाडेकरू निघाले. उरल्या दोन. मशीनताई त्यांना स्वस्तवाली आणि महागवाली म्हणायच्या. मशीन दोघींचं अगदी सारखं, जुळ्या बहिणींसारखं. स्वस्तवाली निम्म्या भाड्यात मशीन, वीज आणि इंटरनेटची लाइन देत होती. बाकी तुमचं तुम्ही बघा. महागवाली देत होती ते देखभालीसकट.

बासरी थांबली. स्वस्तवालीचा माणूस आला. आवाज गोड होता.

"समजा, डिस्क खराब व्हायची चिन्हं दिसायला लागली," मशीनताईंनी विचारलं, "तर तुम्ही काय कराल?"

"मशीन चालू असेल ना मॅडम, तर आमच्याकडून सगळं ठीक. आपण आपल्या तंत्रज्ञाला विचारून घ्या."

"तंत्रज्ञ मीच."

"मग काय प्रश्नच नाही, मॅडम."

फोन ठेवून मशीनताई हसल्या. "खोटं तरी बोलला नाही."

महागवालीकडे दुसऱ्या घंटेला एका पोरसवदा आवाजाने फोन उचलला. जांभई गिळल्याचंही ऐकू आलं. तोच प्रश्न. "मला नक्की माहीत नाही, मॅडम. विचारून फोन करतो."

"करतोय कसला," मुलगी म्हणाली.

पण मुंगीने ढेकर दिला न दिला तोच फोन वाजला. कुणालातरी उठवून विचारलेलं असावं. त्याने डिस्क कशी बदलतात, तेवढ्या वेळात काम कसं चालू राहतं ते सांगितलं आणि उलट विचारलं, "तुमच्या बॅकअपमधून काही परत काढून बघितलंय का कधी? नुसता घेऊन ठेवतात लोक."

मशीनताईंची मान सरळ झाली. दर शनिवारी त्या बॅकअपमधून एखाद्या बाटलीची नोंद परत काढायच्या, शीतपेटी उघडून ती बाटली शोधायच्या आणि चिठ्ठीशी ताडून बघायच्या. हा उद्योग कशासाठी, असं आजवर पेढीत कुणी विचारलंही नव्हतं.

"बघितलंय," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी."

"मग बेस्ट," पोरगा म्हणाला.

मुलीने मुंगीला आपल्याकडे घेतलं. "झालं की मग. महागवाली घे."

"दुप्पट भाडं आहे गं."

"आणि स्वस्तवाली बंद पडली तर?"

"मी आहे ना."

"रविवारी?"

"मग आत्ता काय करतेय?"

"आणि तापाने पडलीस तर?"

"मी कधी पडलेय?"

मुलगी थोडा वेळ मुंगीचं झबलं सारखं करत राहिली. "ही झाली तेव्हा तू कुठे होतीस, आई?"

"दवाखान्यातच होते की."

"जिन्यात होतीस. लॅपटॉप मांडीवर घेऊन, पेढीचं मशीन सुरू करत. नर्स तुला शोधत होती." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं. "मी रागावले नाही गं तेव्हाही. त्या दिवशी कुणाच्यातरी बाळाला दूध हवं असणार, हे मला कळत होतं. पण तुझ्याशिवाय दुसरं कुणीच नाही, ही काय चांगली गोष्ट आहे का?"

मशीनताई उठून मुंगीची दुपटी दोरीवर टाकायला गेल्या. मागून मुलीने हळूच विचारलं, "महागवाली घेतली तर तुझं काम काय उरतं?"

"बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचं."

"ते सिस्टर करतात."

"हो," मशीनताई म्हणाल्या आणि दुपट्याचा चिमटा नीट बसलाय का ते उगीचच दोनदा बघितलं.

सोमवारी बसमध्ये त्या मनाशी वाद घालत होत्या. स्वस्तवाली सांगितली तर काय चुकलं? मशीन तेच. आजवर निभावलं तसं पुढेही निभावेल. हे खोटं नव्हतं, आणि तीच तर अडचण होती. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार होतं त्यांना? शिवाय सकाळी कुलूप काढून त्या चिंचोळ्या खोलीत शिरलं की हिरवे दिवे लुकलुकताना दिसायचे, आणि रात्रभर सगळं शहाण्यासारखं झोपलं होतं हे कळायचं. त्या सुखाला पगाराच्या कागदावर जागा नव्हती.

डॉक्टरबाईंच्या खोलीत हिशेबनीस आधीच येऊन बसले होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत. मशीनताईंनी पाठवलेला तक्ता त्यांच्या हातात होता.

"यात बोलायचं काय?" भाऊ खुशीत म्हणाले. "मशीन तेच, किंमत निम्मी. सही करा नि मोकळे व्हा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी स्वस्त गोष्ट चांगली असल्याचा पुरावा आणलाय."

डॉक्टरबाईंनी चष्मा वर केला. "ताई?"

"एक रकाना राहिलाय," मशीनताई म्हणाल्या.

"कुठला?"

"माझा."

भाऊंनी तक्ता उलटून मागची बाजू बघितली.

"स्वस्तवालीच्या भाड्यात माझा पगार मिळवा. ती घेतली तर मी लागते."

"अहो, तुमचा पगार तर चालूच आहे. तो कशाला धरायचा?"

"चालू आहे म्हणूनच. मी काय फुकट आहे का, भाऊ?"

भाऊंनी हिशेबाच्या यंत्रावर बोटं चालवली. मग यंत्र बाजूला ठेवलं. "मग महागवालीच स्वस्त पडते," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"आणि दर्जा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मशीन सारखंच. फरक माणसांचा. त्यांच्याकडे पाळ्या आहेत. एकाला माहीत नसलं तर तो दुसऱ्याला उठवून विचारतो, मी करून बघितलं. इथे मी एकटी. मला उठवणारंही कुणी नाही. माझ्या मुलीच्या बाळंतपणात मी जिन्यात होते. त्याऐवजी मी ऑपरेशनच्या टेबलावर असते, तर इथून एक बाटली बाहेर पडली नसती."

डॉक्टरबाईंनी भाऊंकडून तक्ता घेऊन पुढ्यात ठेवला. "ताई, तुम्ही काय निवडताय ते कळतंय ना तुम्हाला? माझ्याकडे दुसरी जागा नाही. असती तर..."

"कळतंय. तुम्ही एक नाव मागितलं होतंत."

"सगळं तिकडे हलेपर्यंत तरी राहाल?"

"हे काय विचारणं झालं?"

दुपारी भाऊ स्वतः चहाचे दोन कप घेऊन चिंचोळ्या खोलीच्या दारात आले. आत दोघांना उभं राहायला जागा नव्हती, म्हणून एक पाय बाहेरच ठेवून उभे राहिले.

"ताई, तो रकाना तुम्ही सांगितला नसता, तर माझ्या बापजन्मी लक्षात आला नसता."

"माहितीये," मशीनताई म्हणाल्या आणि कप घेतला. "साखर टाकलीत की विसरलात?"

"विसरलो."

"राहू दे."

सगळं हलवायला बरेच दिवस लागले. हलवलं गेलं, आणि पेढीत कुणाला कळलंही नाही. असं काम नीट झालं की कुणाला कळत नाहीच. शेवटच्या दुपारी महागवालीच्या त्या पोराचा फोन आला.

"मॅडम, एवढंच राहिलंय. काही बिघडलं तर तुमच्याकडे पहिला फोन कुणाला करायचा? नंबर सांगा."

"लिहा," मशीनताई म्हणाल्या आणि स्वतःचा नंबर सांगायला लागल्या. अर्ध्यावर थांबल्या. "थांबा. खोडा ते."

दारातून पलीकडे शीतपेटी उघडी दिसत होती. सिस्टर वाकून बाटल्या लावत होत्या. त्यांना त्यांचा नंबर विचारून मशीनताईंनी एकेक आकडा सावकाश सांगितला आणि पोराकडून परत म्हणवून घेतला.

"आणि दुसरा नंबर म्हणून तुमचा राहू दे का?"

"नको," त्या म्हणाल्या. "माझा नको."

"ओके, मॅडम."

"एक मात्र लिहून ठेवा. पहिल्यांदा उचलला नाही, तर लगेच परत लावा. हातात मोजे असतात त्यांच्या. काढायला वेळ लागतो."