खिंडीपलीकडचा मुक्काम

"ताई, मेन बंद करतो हं," दारातून वायरमन म्हणाला.

"थांबा!"

ती एवढ्या जोरात ओरडली की त्याच्या हातातला टेस्टर खाली पडला. रिकाम्या घरात तो आवाज उगाचच मोठा झाला. कपाट गेलं होतं, पलंग गेला होता, भांड्यांची दोन खोकी जिन्यात उतरली होती. खोलीत उरली होती बाबांची वेताची खुर्ची, टीव्ही आणि त्याच्याखालचा गेमचा काळा डबा. डब्यावर मसुराच्या दाण्याएवढा नारिंगी दिवा जळत होता.

"काही चालू आहे का?"

"हो. म्हणजे, बघते."

"बघा, बघा. मी वरचे तीन मजले उरकून चारला येतो. चारला मात्र अडवू नका, ताई. उद्या नवे भाडेकरू यायचेत आणि मालक माझ्या मानगुटीवर बसलाय."

तो गेला. तिने घड्याळ पाहिलं. पावणेतीन.

तो दिवा दिसला आणि तिला दवाखान्यातलं बाबांचं बोलणं आठवलं होतं. शेवटच्या दिवशी, नाकातली नळी बाजूला सारून ते म्हणाले होते, "मशीन बंद करू नको. माणूस अडकलाय." बाबांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. जेवणाच्या ताटावरून उठून किती वेळा ते अडकलेल्या लोकांना काढायला गेले असतील, याची गणती नव्हती. ताप चढला की माणूस जुन्या कामावर जातोच, असं नर्सही म्हणाली. तिने बाबांचा हात थोपटला होता. "नाही करत, बाबा."

आता तिने टीव्ही लावला.

पडद्यावर संध्याकाळ होती. डोंगरातल्या अरुंद वाटेवर एक दाढीवाला माणूस पाठमोरा उभा होता. खांद्यावर पोतं, अंगरख्याला ठिगळ. त्याच्यावर अक्षरं होती, खेळ थांबवला आहे. बाबांच्या छातीत कळ आली त्या मंगळवारी सकाळपासून तो तिथेच उभा होता.

ती खुर्चीत बसली. सोळा वर्षांची असताना ती याच खुर्चीच्या पायाशी बसून खेळायची. तेव्हाचा खेळ वेगळा, डबा वेगळा. बाबा ड्युटीवरून येत, हात धुऊन मागे बसत, आणि पाचव्या मिनिटाला म्हणत, "दे जरा." वाटणी ठरलेली होती. लढाई तिची, चालणं बाबांचं. राक्षस मेला की ती रिमोट मागे द्यायची आणि बाबा तासन् तास त्या खोट्या गावांतून हिंडत राहायचे. आई म्हणायची, "खऱ्या रस्त्यावर भाजी आणायला जा म्हटलं की यांचा गुडघा दुखतो." पुढे ती शिकायला गेली, मग नोकरीला, मग स्वतःच्या घरी. बाबा एकटे खेळत राहिले. लढणारं कोणी नसल्यामुळे ते लढाया टाळायला शिकले.

पिशवीतून तिने बाबांचा फोन काढला. एकोणीस दिवस ती तो रोज चार्ज करत होती आणि एकदाही उघडत नव्हती. हाच खेळ खेळणाऱ्यांच्या 'कट्टा' नावाच्या गटात बाबा धरून चौघं होते; तिथे बाबांना सगळे काका म्हणत. कंपाउंडर हा खरोखरच एका दवाखान्यात औषधं द्यायचा. मावशी म्हणजे निवृत्त शिक्षिका. तोफखाना दिसेल त्याच्यावर तुटून पडायचा, म्हणून त्याचं ते नाव. पोटासाठी तो लोकांचे दात काढायचा. चौघं एकमेकांना कधीही भेटले नव्हते.

"काका, खिंड उतरलात की नाही?"

"काका रुसले. तोफखान्या, तू त्यांच्या साखळीला हसलास."

"मी कुठे हसलो? मी म्हटलं, खेळातला पूल पडत नसतो."

"काका, तो कान धरतोय. या आता."

आणि आज सकाळचा मावशींचा निरोप, "एकोणीस दिवस झाले. बरे आहात ना?"

ती वर सरकत गेली. बाकीचे तिघं चकचकीत स्क्रीनशॉट टाकत. अजगर, जळते किल्ले, सोन्याची चिलखतं. बाबा फोनने टीव्हीचा फोटो काढत. सगळे तिरके, आणि काचेत त्यांचा गुडघा. फोटोत असायचे दरवाजे, रहाट, पूल, कप्प्या. खाली शेरे. "हा कडी-कोयंडा उलटा बसवलाय." "ही साखळी एवढं वजन पेलणार नाही." "पुलाला तोलायला उलट वजन कुठे आहे? लोक मरतील." एका गुहेच्या फोटोत पडदा इतका काळा होता की काचेत मागे उभी आई स्वच्छ दिसत होती, हातात टॉवेल, तोंड उघडं, काहीतरी ओरडत असलेली. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबांनी खाली लिहिलं होतं, "गुहेत जोखीम आहे." त्यावर तोफखान्याने हसून हसून लोळण घेतली होती.

तिने लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. या तिघांसाठी बाबा अजून रुसलेले होते. रुसलेला माणूस परत येतो. आपण एक ओळ लिहिली की तेही संपणार.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मी त्यांची मुलगी. बाबा गेले. दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी. कळवायला उशीर झाला."

पहिल्या आल्या मावशी. "अगं बाळ."

तोफखाना काहीतरी लिहीत होता, थांबत होता, परत लिहीत होता. शेवटी आला कंपाउंडर. "ताई, खेळ सेव्ह केलाय का?"

"अरे, लाज आहे का तुला!" तोफखाना उसळला.

"असू दे," तिने लिहिलं. "चालूच आहे. चार वाजता घराची वीज जाणार. म्हणूनच लिहिलं." आणि तिने पडद्याचा फोटो काढून पाठवला.

"देवा! हा तर भर खिंडीत उभा आहे."

"बंद झालं तर?" तिने विचारलं.

"पार मागे जाईल. त्या घाटाखालच्या गावात," कंपाउंडरने समजावलं. "धर्मशाळेत झोपलं तरच सेव्ह होतं. काका दहा दिवस घाट चढत होते, ताई. एकही लढाई न करता. कुणाला जमत नाही ते."

"मला म्हणाले होते, पलीकडचा पूल दाखवतो," मावशींनी लिहिलं. "मंगळवारीच."

तिने रिमोट हातात घेतला. कडांवरचा रंग बाबांच्या अंगठ्यांनी उडाला होता. "मला यातलं बटण माहीत नाही. सांगाल?"

"डावा अंगठा, चालणं. बाकी कशाला हात लावू नका."

तिने पहिल्याच झटक्यात भलतं बटण दाबलं. खेळातल्या गड्याने तलवार उपसली. तिने फोटो पाठवला.

"तलवार आत! तलवार आत!" तोफखान्यानेच लिहिलं. उभ्या आयुष्यात त्याने असा सल्ला कुणाला दिला नसावा. "वळणावर तीन लांडगे आहेत. काकांचा गडी एका चाव्यात मरेल, जीव बोटभर उरलाय."

"मग पळू?"

"पळालं की ते येतात. काकांसारखं चाला. डाव्या कड्याला चिकटून, सावकाश. भाजी आणायला निघाल्यासारखं."

ती हसली. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा, आणि तिचं तिलाच ते विचित्र वाटलं. मग अंगठा हलका ठेवून ती चालू लागली. लांडगे दिसले. एकाने मान वर केली. ती थांबली, तोही थांबला. खेळात मरणं म्हणजे काय, पुन्हा सुरू करायचं, एवढंच. पण आता पुन्हा सुरू करणारं कोणी नव्हतं. लांडग्याने मान खाली घातली. ती आणखी चालली.

"गेलात?" "ताई?" "बोला ना!"

"गेले," तिने लिहिलं.

खाली दरीवर पूल होता. उचलायचा, लाकडी, दोन्ही बाजूंना साखळ्या. तिने फोटो काढला.

"तिरका काढलास," मावशी म्हणाल्या. "छान आहे गं पूल."

"उलट वजन आहे का बघा ना," तोफखान्याने विचारलं. थट्टा नव्हती.

ती जवळ गेली, खेळातला कॅमेरा वर फिरवला. खांबामागे दगडांनी भरलेली पेटी टांगलेली होती. "आहे. दगडांची पेटी."

"मग बरोबर बांधलाय," तोफखान्याने लिहिलं. "चुकलो मी, काका."

दारात वायरमन आला होता. चार वाजून गेले होते. तिने न वळता हाताने थोपवलं. तो चौकटीला टेकून पाहत राहिला.

"कोण जिंकतंय?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"कोणीच नाही. याला घरी पोचवायचंय."

"मग पोचवा की. मालकाला सांगतो, जिन्यात पाय मुरगळला."

पुलापलीकडे धर्मशाळेच्या खिडकीत उजेड होता. गडी आत गेला. टेबलामागच्या बाईने खोली दाखवली. लाकडी खाट, घोंगडी, कोनाड्यात दिवा. कट्ट्याने सांगितलेलं बटण तिने दाबलं. गड्याने पोतं खाली ठेवलं, खाटेच्या कडेला बसला. पडद्यावर प्रश्न आला, किती तास झोपायचं?

तिने कट्ट्यावर विचारलं.

"एकही चालेल, ताई. सेव्ह होतंच," कंपाउंडरने लिहिलं. "काका चारच घ्यायचे. म्हणायचे, जास्त झोपलं की उजेड वाया जातो."

चारचा आकडा समोरच होता. तिने बटण एकदा दाबलं, पाच झाले. आठ झाले. बारा. ती दाबत राहिली, एकेक करून, चोवीसपर्यंत. त्यापुढे आकडा जात नव्हता.