शिडीकाकांचा बूथ

“काका, यंदा तरी शिडी टेकवायला भिंत मिळाली का?” न्हावी दुकानातूनच ओरडला, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडावरच्या फेसासकट हसलं.

शिडीकाकांनी सायकल थांबवली. हँडलला बांधलेला पक्षाचा झेंडा वाऱ्याने गुंडाळला होता. तो सोडवून त्यांनी त्यावरची निवडणूक चिन्हाची शिडी आधी नीट उभी केली आणि मग उत्तर दिलं, “भिंत आम्ही बांधतोय रे. तू एक वीट दे.”

“वीट कसली, अख्खं मत देतो!”

“ते मला सांगायचं नाही.” काकांचं बोट लगेच वर. “मत गुप्त असतं. मला नाही, बायकोला नाही, आरशालाही सांगायचं नाही.”

हे त्यांचं पालुपद. प्रत्येक दारात हेच. न्हाव्याच्या दुकानात तर चारी बाजूंनी आरसे, त्यामुळे तिथे हशा दुप्पट झाला.

काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एरवी लोकांची पंक्चर काढायची आणि निवडणूक आली की पक्षाची. तीही फुकट! पक्ष एवढासा, मुठीत मावेल असा. दरवेळचे उमेदवार एकच, मास्तर. पोरवयात काका काळ्याकुट्ट हातांनी दुकानात बसायचे, तेव्हा मास्तर रोज संध्याकाळी येऊन त्यांना अक्षरं शिकवायचे. तेव्हापासून काका मास्तरांचे झाले ते झालेच. मास्तर नेमाने पडायचे आणि नेमाने आभाराची सभा घ्यायचे. सभेला काका असायचे आणि खुर्च्यावाला असायचा. खुर्च्यावाला खुर्च्या परत न्यायला थांबलेला असायचा, ही गोष्ट वेगळी.

“तुमच्या शिडीवरून आजवर कोण माडीवर गेलं हो?” काकू विचारायच्या. “तुम्ही आपले जन्मभर खालून धरून उभे!”

यंदा मात्र काकांना हसू येत नव्हतं. कारण समोरच्या मोठ्या पक्षाने नर्सबाईंना उभं केलं होतं. गेल्या वर्षी ऑपरेशननंतर काकूंचा ताप उतरेना, डॉक्टरांनीही मान हलवली, तेव्हा ड्यूटी संपल्यावरही याच नर्सबाई उशाशी बसून राहिल्या होत्या. चमच्याचमच्याने पेज भरवत होत्या. काकू उठून घरी आल्या त्या बाईंमुळे, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. गल्लीतल्या निम्म्या घरांना बाईंनी असंच कधी ना कधी सावरलं होतं.

तरी काका दारोदार फिरले. बाईंबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही आणि मास्तरांबद्दल सांगायचं थांबवलं नाही.

मतदानाच्या दिवशी काकू रांगेत पुढे, काका मागे. काकू बाहेर आल्या, पदराने कपाळ पुसलं आणि तडक घराकडे निघाल्या. काका आत गेले. उतारावर हात जसा आपोआप ब्रेककडे जातो, तसं त्यांचं बोट शिडीकडे गेलं. आणि अडलं. खाली नर्सबाईंचं नाव होतं.

मास्तर तर पडणारच, काकांच्या मनात आलं. माझ्या एका मताने काय होणार? पण या बाईंचं देणं मी कधी फेडणार?

बोट खाली सरकलं. मशीन लांबलचक वाजलं.

बाहेर फाटकापाशी मास्तर काठी टेकून उभे होते. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “इतर बूथांचं सांगता येत नाही बाबा. पण तुझ्या बूथवर तू आहेस तोवर शून्य यायचं नाही.”

काकांना आत्ता आठवलं. अरे देवा! निकाल बूथवार वाचतात! गल्ली बाईंची, काकूही बाईंच्याच. शून्य आलं की जगाला कळणार, झेंडा मिरवणाऱ्याचंही मत झेंड्याला नाही. जग गेलं खड्ड्यात, पण मास्तरांना कळणार.

मग सुरू झाले ते वाट बघण्याचे दिवस. एका पोराच्या ट्यूबला काकांनी भोक सोडून भलतीकडेच ठिगळ लावलं.

“दरवेळी तर पडता,” काकू म्हणाल्या, “मग या खेपेलाच एवढं काय मनाला लावून घेताय?”



मतमोजणीच्या सभागृहात मास्तरांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी काकांची बाही धरून ठेवली होती. काकांच्या बूथचा नंबर पुकारला गेला. नर्सबाईंचा आकडा आला आणि टाळ्या पडल्या. मग, “शिडी, एक.”

“काका, स्वतःचंच ना?” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे खदखदले.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी बाही सोडून काकांचा हात दाबला. “मला ठाऊक होतं,” ते म्हणाले.

त्यापेक्षा थोबाडीत परवडली असती.

परतताना काका सायकलवर बसलेच नाहीत, हातात धरून चालत निघाले. कुणाचं असेल ते मत? अख्खं मत देणारा न्हावी तर बाईंच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे नाचत होता. एकेक दार मागे पडत गेलं. शेवटी उरलं ते स्वतःचं.

काकू आत शर्टाला बटण लावत बसल्या होत्या. “पडले का मास्तर?”

“पडले.”

“आणि आपल्या बूथवर?”

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“एक,” काका म्हणाले.

“एकच?”

शब्द सुटला आणि सुई जागच्या जागी थांबली. दोन धरून बसलेल्या माणसाच्या तोंडूनच असा ‘एकच’ निघतो. काका त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंनीही बघितलं, आणि मग त्यांनीच आधी नजर खाली घेतली, जणू चोरी त्यांची पकडली गेली होती.

“अगं, मी…”

“राहू द्या. गुप्त असतं ना ते? आरशालाही सांगायचं नाही.”

त्या सुईदोरा घेऊन बाहेर गेल्या. सायकलचा झेंडा सोडला. प्रचारात फिरून फिरून त्याचा एक कोपरा फाटला होता. काकू पायरीवर बसल्या आणि तो शिवू लागल्या.

थोड्या वेळाने काका बाहेर आले. समोर उकिडवे बसले आणि टाका नीट पडावा म्हणून त्यांनी कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं.