सुनील घरी आल्यापासून

सुनील मुंबईची नोकरी सोडून उमरठला कायमचा परत आला, त्याला पाच महिने झाले होते. त्याआधी एकोणीस वर्षं तो गणपतीला आणि शिमग्याला तेवढा यायचा. म्हशी, भातशेती, सासूचं शेवटचं आजारपण, सगळं त्याची बायको संजीवनीने एकटीने निभावलं होतं. आता नवरा घरात होता. पीत नव्हता, आवाज चढवत नव्हता, सकाळचा चहासुद्धा करायचा. आणि तो आल्यापासूनच तिच्या छातीत धडधडायला लागलं होतं. भाकरी थापताना हात थरथरायचे, घास उतरायचा नाही.

शेजारच्या विठाबाई म्हणायच्या, दृष्ट लागली असेल, असा नवरा कुणाला मिळतो? ते संजीवनीला पटायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा.

शेवटी सुनील तिला महाडला दवाखान्यात घेऊन गेला. कार्डिओग्राम चांगला निघाला. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, नवरा मारतो का, संशय घेतो का. ती नाही म्हणत गेली. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही सुखी आहात का?" हो म्हणावं तर खोटं वाटेना, खरंही वाटेना. बाईंनी गोळ्या दिल्या आणि महिन्याने दोघांनाही यायला सांगितलं.

परतीला पोलादपूरच्या स्टँडवर उमरठच्या गाडीची वाट बघताना सुनील म्हणाला, "मी नव्हतो तवा तू बरी होतीस. मी जातो परत मुंबईला."

हेच तिने कितीदा मनात म्हटलं होतं. आता त्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र तिने त्याची बाही धरली.

"जाव नका."

"मग मी काय करू गो?"

"मला म्हाईत नाय."

तो हळूच म्हणाला, "घरात कुठं बसायचं, तेच मला कळत नाय."

त्यालाही असं काही होत असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो भाकरी बांधून वरच्या शेतावर जायला लागला, दुपारनंतर यायचा. घर पुन्हा तिचं झालं. धडधड कमी झाली. पण एकदा त्याला यायला उशीर झाला, तर ती तीनदा पायवाटेपर्यंत जाऊन आली.

महिन्याने दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, फरक कशाने पडला? संजीवनीने सुनीलकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच पाहत होता.

"गोळ्यांनी असंल," ती म्हणाली. पण गोळ्या तिने आठच दिवस घेतल्या होत्या.