चौदावी ओळ, एकसष्ट नंबर

माझा मेव्हणा सिरिल आयुष्यात एकदाच रडला, आणि तेही बाप गेला तेव्हा नव्हे. सिटीनं, म्हणजे त्याच्या फुटबॉल क्लबनं, पाचवा डावा बचावपटू विकत घेतला तेव्हा. आनंदानं रडला.

"पाच!" मी म्हणालो. "सिरिल, मैदानाला डाव्या बाजू किती असतात रे?"

"तुला नाही कळायचं खाटका. पर्याय असावे लागतात मोठ्या क्लबात."

मी खाटीकच आहे, त्यामुळे तो शब्द मला लागत नाही. कॅल्डरबीच्या बाजारात माझं दुकान आहे, आणि चाळीस वर्षं मी टाउनच्या मैदानावर मटण पॅटिस पुरवतो. टाउन म्हणजे आमचा क्लब. गरीब, गळका, पण आमचा. सिटी म्हणजे नदीपलीकडचा, सिरिलचा. दर रविवारी सिरिल माझ्या घरी जेवायला येतो, माझंच भाजलेलं मटण खातो आणि माझ्याच क्लबला शिव्या देतो. त्याची बहीण मॅव्हिस, म्हणजे माझी बायको, दोघांच्या मध्ये बटाट्याचं भांडं ठेवते. सरहद्द म्हणून.

पूर्वी हे भांडण बरोबरीचं होतं. सहा वर्षांपूर्वी सिटी विकत घेतली मांजराच्या खाण्याच्या एका कारखानदारानं, आणि तेव्हापासून माझ्या डोक्याचा ताप वाढला. पहिल्या वर्षी त्यानं क्लबच्या चिन्हावरचा विणकराचा धोटा काढला आणि मांजर बसवलं. दुसऱ्या वर्षी तीन गोलकीपर घेतले. त्यातला एक अजून कोणी पाहिलेला नाही. उसना दिलाय म्हणतात, कुणाला ते क्लबलाही आठवत नाही. चौथ्या वर्षी प्रशिक्षकाला बोटीवर बोलावून जेवू घातलं आणि जेवणानंतर काढून टाकलं. किनारा दोन मैलांवर होता हो!

"नियोजन आहे ते," सिरिल म्हणाला.

"पोहायचं?"

"बर्नी, पैसेवाल्याचा हेवा करू नये."

"हेवा कसला? आयजीच्या जिवावर बायजी उदार! मांजरांनी खायचं बंद केलं तर तुमचा क्लब उद्या लिलावात निघेल. आणि ते मैदानावरचं पॅटिस! काचेच्या वाटीत देतात म्हणे. वरची पारी वेगळी, मटण वेगळं, खालची पारी नाहीच! खालच्या पारीशिवाय पॅटिस म्हणजे काय रे? भाजलेली फसवणूक!"

पॅटिसच्या बाबतीत सिरिल मनातून माझ्याच बाजूचा होता.

ऑगस्टात खेळाडू खरेदीचे शेवटचे दिवस आले. सिटी पेरिशिन नावाचा गोल मारणारा घेणार अशी हवा उठली. आठ कोटी पौंड. सिरिलचं वय सदुसष्ट, त्याला फोनवर साधा निरोप टाकता येत नाही, पण विमानं शोधायला बरोबर शिकला. सिटीचे सगळे भक्त असेच. कुठलंही छोटं खासगी विमान आमच्याकडे वळलं की यांच्या अंगात येतं.

मंगळवारी सकाळी तो धापा टाकत दुकानात आला. "बर्नी, गाडी काढ! निघालाय तो! समुद्रावर आहे!"

"कोण?"

"पेरिशिन! हा बघ, हा ठिपका!"

"सिरिल, हा ठिपका आहे."

"आठ कोटींचा ठिपका आहे! काढ गाडी, माझी बंद पडलीय."

मी काढली. खोटं कशाला बोलू, तोंडघशी पडलेला मेव्हणा डोळ्यांनी बघावा म्हणून काढली.

धावपट्टीच्या कुंपणाशी दीडशे माणसं जमली होती. निळे गळपट्टे, ढोल, पेरिशिनचं नाव पाठीवर छापलेले सदरे. सही व्हायच्या आधी! एका माणसानं तर दंडावर त्याचा चेहरा गोंदवून घेतला होता, आणि तो पेरिशिनपेक्षा माझ्या सासऱ्यासारखा दिसत होता.

साडेअकराला विमान उतरलं. दार उघडलं. उंच, टकला, काळा चष्मा लावलेला एक माणूस बाहेर आला. काखेत नकाशे ठेवायची लांब नळी.

"सिरिल," मी म्हणालो, "खेळाडू नळी घेऊन येतो का रे?"

"डावपेच असतील त्यात!"

पुढचं काय सांगू? फाटक उघडल्याबरोबर त्यांनी त्या माणसाला उचललं. उजवी तंगडी सिरिलच्या खांद्यावर. गळ्यात गळपट्टा, डोक्यावर मांजराच्या कानांची टोपी. ढोल वाजतोय, गाणं चाललंय, आणि तो माणूस आधी किंचाळला, मग हसला, मग चक्क डोळे पुसायला लागला. माझ्या गाडीपर्यंत मिरवत आणला त्याला.

"बावीस वर्षं हे काम करतोय," तो खाली उतरून म्हणाला, "पण असं स्वागत माझं कुठेच झालं नाही."

"गोल कधी मारणार?" दंडावर गोंदवलेला म्हणाला.

"मी? मी आसनव्यवस्थेचा सल्लागार आहे."

ढोल थांबला.

त्या बिचाऱ्याला काही कळलंच नाही. इतकं प्रेम मिळालं म्हणून परतफेड करायला त्यानं नळी उघडली आणि नकाशा माझ्या गाडीच्या बॉनेटवर पसरला. "सगळ्यात आधी तुम्हीच बघा," म्हणाला. "पूर्वेचा स्टँड. बारा ते तीस ओळी पूर्ण काढायच्या. इथे काचेची खोली. गालिचे, सोफे, आणि मालकांच्या मांजरांसाठी वेगळा चौथरा. इथून खेळ फार सुंदर दिसतो."

सिरिल वाकला. नकाशावर बोट ठेवलं. "चौदावी ओळ, एकसष्ट नंबर," म्हणाला. "तिथे काय?"

सल्लागारानं चष्मा वर केला. "चौथरा."

ती जागा सिरिलकडे एकोणीसशे एकोणऐंशीपासून होती. साठ नंबरवर त्याचा बाप बसायचा. बाप गेल्यावर साठ नंबरवर एक दंतवैद्य आला, त्याच्याशी सिरिल पंधरा वर्षं बोलला नाही. जागेचा मान असतो. मी टाउनवाला, पण मलाही ती जागा ठाऊक होती. टाउनचा सामना तिथे असला की पाहुण्या संघाच्या बाजूनं मी बोट दाखवायचो, आणि तो तिथून मला दाखवायचा. बोट कुठलं ते सांगत नाही.

आठवड्यानं पत्र आलं. नवी जागा मिळेल, उत्तर कोपऱ्यात, खांबामागे, पाचपट दरानं. सोबत निष्ठेबद्दल भेट म्हणून घुंगराचा चेंडू.

"मांजराचं खेळणं आहे हे," मी म्हणालो. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. "सिरिल, सेहेचाळीस वर्षं! आणि घुंगरू?"

"क्लबला मोठं व्हायचं तर..." तो म्हणाला. वाक्य पुरं झालंच नाही. त्या रविवारी त्यानं मटण घेतलं नाही. टाउनला शिवीसुद्धा दिली नाही. मॅव्हिसनं बटाट्याचं भांडं उचललं तरी दोघांपैकी कोणी हल्ला केला नाही.

भांडी घासताना ती मला म्हणाली, "काहीतरी कर."

"मी? मी टाउनवाला आहे!"

"म्हणूनच. तू त्यांच्यावर चाळीस वर्षं चिडतोयस. सराव आहे तुला."

मी पत्र लिहिलं. चार पानं. पाचवा डावा बचावपटू विकून त्या पैशात म्हाताऱ्यांच्या किती खुर्च्या राहतील त्याचा हिशेब दिला, पॅटिसच्या तळाबद्दल वेगळा परिच्छेद घातला. दोन सेकंदांत संगणकाचं उत्तर आलं: आपल्या उत्साहाबद्दल सिटी परिवार आभारी आहे. परिवार! आमच्या घरात मेव्हण्याला खांबामागे बसवत नाहीत.

ऑक्टोबरात सिटीच्या मैदानावर सिटी आणि टाउनचा सामना होता. सिरिलनं हा सामना जन्मात चुकवला नव्हता. तिकीट मिळेना. मॅव्हिसनं स्वतःचं पुढे केलं. टाउनचं, पाहुण्यांच्या बाजूचं.

"त्या घाणीत बसू?" सिरिल म्हणाला.

"घाण आमची, मैदान तुमचं," मी म्हणालो. "अट एकच. आवाज नाही. निळा रंग नाही. सिटीनं गोल मारला तर तू दगड. पाहुण्यांच्यात बसून घरच्यासाठी ओरडलास तर काय होतं तुला माहितीये."

"मी स्वतः ओढून काढलेत असे लोक," तो म्हणाला. थोडासा अभिमानानंच.

करडा कोट घालून आला. हात मांडीखाली घालून, त्यांच्यावर बसला. शेजारी आमचा ऑल्फ, डोक्यानं तापट, खांद्यानं बैल. "हा कोण?" म्हणाला.

"मॅव्हिसचा भाऊ. मुका आहे."

समोर पूर्वेला दोन महिन्यांत घाईघाईनं उभी केलेली काचेची खोली चमकत होती. आत माणसं होती, पण खेळाकडे पाठ करून काहीतरी पीत होती. माझंच रक्त उकळलं. मी ओरडलो, "अरे वळा तरी! सेहेचाळीस वर्षं बसला होता माणूस तिथे!" ऑल्फला वाटलं, मी रेफरीला बोलतोय.

सत्तराव्या मिनिटाला सिटीचा कोपऱ्यातून चेंडू आला. गर्दी, डोकं, जाळं. आमच्या दोन हजार माणसांत मसणवट्याची शांतता. आणि त्या शांततेत एकच माणूस दोन्ही हात वर करून उभा.

"होऽऽऽ!"

मग त्याला आठवलं. हात वरच राहिले.

ऑल्फ सावकाश वळला. "मुका होता ना हा?"

"चमत्कार!" मी म्हणालो. "वाचा फुटली!"

ऑल्फनं त्याच्याकडे बघितलं, काचेच्या खोलीकडे बघितलं, आणि म्हणाला, "चौदाव्या ओळीतला तो तूच ना रे? बोट दाखवणारा?"

"हो," सिरिल म्हणाला.

"मग बस खाली, गाढवा. दिसत नाहीये मला."

प्रकरण तिथेच मिटलं असतं. आमच्या कुणाचीच तक्रार नव्हती. पण पिवळ्या जाकिटातले तिघे जिने चढून आले.

"साहेब, तुम्ही सिटीसाठी जल्लोष केलात. बाहेर चला."

"हे सिटीचं मैदान आहे!" मी ओरडलो. "सिटीचा गोल! सिटीचा माणूस!"

"नियम आहे. त्यांच्या सुरक्षिततेसाठी."

"कुणापासून? आमच्यापासून? ऑल्फ, तू मारणार आहेस याला?"

"मघाशी मारणार होतो," ऑल्फ म्हणाला. "आता मूड गेला."

ऐकतात थोडेच! एकानं सिरिलच्या कोपराला धरलं. सिरिलनं कोट नीट केला आणि चालायला लागला. आमचे लोक पाय बाजूला घेत होते, कोणी थुंकलं नाही, कोणी शिवी दिली नाही, आणि तेच मला सहन होईना. मी मागोमाग गेलो.

लोखंडी फाटक आमच्या मागे बंद झालं. बाहेर पोलिसांचे घोडे आणि आम्ही दोघं.

"तू का आलास?" सिरिल म्हणाला.

"मॅव्हिसनं विचारलं असतं."

मग आतून आवाज आला. भिंत हलेल असा. सिरिलनं मान तिरकी केली. त्या मैदानाचा आवाज तो ओळखतो.

"आमचा नाही हा," तो म्हणाला. "तुमचा."

एकोणीस वर्षं टाउननं तिथे गोल मारला नव्हता. एकोणीस! मी फाटक धरून हलवलं. आतला पिवळा जाकिटवाला म्हणाला, एकदा बाहेर गेलं की आत नाही. मी त्याला, त्याच्या मालकाला आणि मालकाच्या मांजरांना जे काही म्हणालो, त्यानं एक घोडा बिचकला.

"ऑफसाइड असणार," सिरिल मागून म्हणाला.

मी वळलो. "काय?"

"तुमचा गोल. ऑफसाइडच. तुमचा तो उंच माणूस नेहमी पुढे पळतो."

"पाहिलास तू?"

"पाहायला कशाला लागतं?"

"ऑफसाइड असता तर लोक अजून ओरडले असते का?"

"टाउनवाले? त्यांना नियम कुठे कळतात!"

तिथेच, फाटकाबाहेर, आम्ही कडाकडा भांडायला लागलो. तो भिंतीवर बोटानं मैदान काढून दाखवत होता, मी ते पुसत होतो, आणि घोड्यावरचा पोलीस वरून म्हणत होता, "हळू, काका, हळू."

"तू मध्ये पडू नकोस," सिरिल त्याला म्हणाला. "हा माझा मेव्हणा आहे."