नाला नितळला

दमयंतीनं चुन्याच्या हौदात लाकडी दांडा घातला. दांडा तळाला टेकला आणि कोरडाच वर आला.

"चंपत, चुना कधीपासून नाही?"

गिरणीच्या मागच्या अंगाला राबणाऱ्या चंपतनं इकडंतिकडं पाहिलं. "तुमी सुट्टीवर गेल्या ना ताई, तवापासून. शेठजीनं बंदच करून टाकला."

सरकीचं तेल शुद्ध केल्यावर साबणासारखा गाळ उरतो. ही गिरणी तो वर्षानुवर्षं सरळ नाल्यात सोडायची. नाला दुधी, फेसाळ, आणि वास असा की माणसानं पदराआड नाक लपवूनच ओलांडावा. दमयंती केमिस्ट म्हणून आली आणि शेठजींच्या मागं हात धुऊन लागली. हा गाळ फेकायचा नाही, त्यात तेजाब घालायचं. तेल वर तरंगतं, ते साबणवाले हसत नेतात. खाली उरतं ते तेजाबाचं पाणी, दिसायला नितळ पण जहाल. त्याचा जहालपणा चुन्यानं मारायचा आणि मगच ते नाल्यात सोडायचं. शेठजींनी योजना मान डोलावून ऐकली होती. त्यातली कमाईची अर्धी बाजू त्यांनी उचलली आणि ती सुट्टीवर जाताच खर्चाची अर्धी सोडून दिली, एवढंच.

ती तडक ऑफिसात गेली.

"मॅडम, नाला साफ हुआ कि नहीं?" शेठजी पानाची घडी घालत म्हणाले. "पूरा गांव तारीफ कर रहा है. अब चूने में पैसा क्यों डालूं?"

"सिर्फ दिखता साफ है, शेठजी. है नहीं."

"दिखता है ना? बस. पोला करके आइए, बाद में देखेंगे."

दमयंतीला संताप आला, पण तिनं तो गिळला. खरं सांगायचं तर नाल्याचं कौतुक तिलाही गोड लागलं होतं. आदिलाबादच्या बसस्टँडवर अनोळखी बाया थांबवून विचारायच्या, नाला नितळ करणारी ती तुमीच का? आणि त्या नाल्यावर जातं तरी कोण, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. सण उरकला की शेठजींना पुन्हा गाठायचं ठरवून तिनं जैनथकडची बस धरली.

पोळा तिचा लहानपणापासून मामाकडंच व्हायचा. मामा उद्धवराव याच नाल्याच्या खालच्या अंगाला कापूस-ज्वारी करायचे. फाट्यावर उतरून ती पायवाटेनं निघाली. पावसानं दडी मारली होती, पिकं माना टाकून उभी होती. नाल्यात मात्र पाणी वाहत होतं, तळातला खडा न् खडा दिसेल असं. काठावर बेडूक नव्हता. पाण्यावर एक किडाही फिरत नव्हता. दमयंती भराभर चालू लागली.

तेवढ्यात वळणापलीकडून घुंगरं वाजली.

सारं गाव बैल धुवायला नाल्यात उतरलं होतं. उद्धवराव गुडघाभर पाण्यात उभे राहून आपल्या जोडीच्या अंगावर तांब्यानं पाणी ओतत होते.

"ये वो पोरी, ये!" ते लांबूनच ओरडले. "पाह्य, कसं काचेसारखं पानी! इतके वर्स आमी विहिरीवरच धुवून राह्यलो बैल. या साली मनलं, आपल्या पोरीनं नाला देला, तं नाल्यावरच जाऊ."

"मामा, बैल बाहेर काढा."

"काऊन?"

"काढा म्हणते ना! पाणी चांगलं नाही."

काठावर आपले बैल धरून उभा असलेला मोतीराम हसला. "बाई, तुमीच तं केलं चांगलं. मंग आता तुमीच काऊन भेता?"

"थोडं आंबट लागते," उद्धवराव ओंजळ भरत म्हणाले, "पन वास नाई, घान नाई..."

दमयंतीनं चपलांसकट पाण्यात उडी घेतली आणि मामांचा हात धरला. ओंजळ सांडली. तिच्या पायाला बसमध्ये खरचटलं होतं, तिथं आग झाली.

"तेजाब आहे त्यात, मामा. गिरणीनं चुना बंद केलाय. घाण होती तेव्हा तुम्ही जवळ येत नव्हता. मी घाण काढली आणि हे राहिलं."

उद्धवरावांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग थोरल्या बैलाच्या खांद्याकडं. जुवानं घासून तिथलं कातडं आधीच सोललेलं होतं. ते आता लालबुंद दिसत होतं.

"बैल हे पाणी प्यायलेत का?" तिनं विचारलं.

"सारेच प्याले. सकायपासून."

मग एकच धावपळ उडाली. विहिरीवर रांग लागली, घराघरातल्या बाया घागरी घेऊन आल्या, बैल पुन्हा पुन्हा धुतले गेले. दमयंतीही घागरीमागून घागर ओढत राहिली.

दिवस कलला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं, ही रीत. कौशल्यामामी ताट घेऊन गोठ्यात आल्या. थोरला बैल मान खाली घालून उभा होता. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. समोरच्या हिरव्या चाऱ्याला त्यानं तोंड लावलं नव्हतं. धाकटा तर बसूनच होता.

मामींनी बोटावर तूप घेतलं. खांद्याला बोट लागताच बैलाचं सारं अंग थरथरलं. त्यांनी हात मागं घेतला, डोळे पुसले आणि नुसतंच त्याच्या कानाशी वाकून म्हटलं,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

धाकट्याशेजारी बसून त्यालाही तेच म्हटलं. शेजारच्या गोठ्यातून, त्याच्या पलीकडच्या गोठ्यातून, गल्लीभर तेच शब्द ऐकू येत होते.

उद्धवराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी भाचीकडं मान वळवली. आवाजात राग नव्हता. गावात शिकलेली तीच होती, म्हणून तिलाच विचारायचं, तसं त्यांनी विचारलं,

"उद्या जेवाले येतीन ना, पोरी?"